विलायतेच्या वाटेवरचे धनी

30 मार्च 1929 रोजी लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून हिंदुस्थानला जाणाऱ्या पहिल्या नियमित हवाई सेवेचं विमान सुटलं. हे विमान हिंदुस्थानात आलंच नाही. ते स्वित्झर्लंडमधल्या बाझलला उतरलं आणि उतारू आपापल्या बॅगा घेऊन तिथल्या रेल्वे स्टेशनात गेले. रात्रीच्या आगगाडीनं आल्प्स ओलांडून ते इटलीच्या जिनोआ बंदरात पोचले. तिथे पाण्यावरून उडणारं दुसरं विमान त्यांची वाट पाहत होतं. त्या फ्लाइंग बोटीनं रोम, नेपल्स, अथेन्स असे थांबे घेत त्यांना अलेक्झांड्रियाला सोडलं. तिथून पुन्हा आगगाडी, ती कैरोपर्यंत. कैरोहून तिसरं विमान, तीन इंजिनांचं हर्क्युलिस. गाझा, रुतबा, बगदाद, बसरा, बुशायर, लिंगे, जास्क, ग्वादर असं बसच्या थांब्यांसारखं उतरत-चढत ते कराचीला टेकणार होतं. सगळा प्रवास सात दिवसांचा आणि तिकीट 130 पौंड.

मधली ती आगगाडी कशासाठी? आल्प्सची उंची हे एक कारण होतंच, पण मुख्य अडचण वेगळी होती. फ्रान्सच्या बाजूनं येणाऱ्या ब्रिटिश विमानांनी आपल्या हद्दीत शिरायचं नाही, असा इटलीचा हुकूम होता. ज्यांच्या साम्राज्यावर म्हणे सूर्य मावळत नव्हता, त्यांचे साहेब लोक त्यामुळे विमानाचं तिकीट खिशात घेऊन रात्रभर आगगाडीच्या डब्यात बसले.

मुंबई ते लंडन सरळ हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर आहे. ते ही पहिली सेवा चालवणाऱ्या इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीच्या काळातही तेवढंच होतं. हे अंतर कापायला लागणारा वेळ मात्र महिन्यांवरून दिवसांवर आणि दिवसांवरून तासांवर आला, आणि त्याचं सगळं श्रेय आपण इंजिनाला देऊन मोकळे होतो. या मार्गाचा इतिहास वाचताना मला तरी दिसतं ते असं, की इंजिनानं वाचवलेले तास वाटेवरच्या धन्यांनी वेळोवेळी परत वसूल केले आहेत.

समुद्रावर हा प्रश्न एवढा नव्हता. भर समुद्र कुणाच्या मालकीचा नसतो. तिथे अडचण असायची वाऱ्याची, आणि वाफेची जहाजं आल्यावर कोळशाची. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट 20 मार्च 1830 रोजी मुंबईहून सुएझला निघाली. बोट जेमतेम 411 टनांची. तिच्या पोटात मावणारा कोळसा साडेपाच दिवसांचा आणि पहिला टप्पा, एडन, अकरा दिवसांवर. मग डेकवर, खोल्यांत, जागा मिळेल तिथे कोळसा रचला. एडनला पोचली तेव्हा बोटीवर सहा तास पुरेल एवढाच कोळसा उरला होता. सुएझ गाठायला तिला तेहेतीस दिवस लागले, त्यांतले प्रत्यक्ष चालण्याचे एकवीस. बाकीचे कोळसा भरण्यात गेले. आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने चालणाऱ्या शिडाच्या जहाजांपुढे हा पराक्रमच होता. कंपनी सरकारच्या लंडनमधल्या संचालकांना मात्र आधी खर्चाचा आकडा दिसला.

1869 मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि पुढे मुंबई-लंडन प्रवास दोन-तीन आठवड्यांवर आला. विलायतेची डाक आठवड्याच्या ठरल्या दिवशी येऊ लागली. पहिल्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर 4 ऑक्टोबर 1930 रोजी मुंबईहून निघाले ते 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीनं, आणि दोन आठवड्यांनी लंडनला पोचले. विमानसेवा सुरू होऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. पण बोट सोडून विमान धरायचं तर आधी मुंबईहून कराची गाठायची, आणि पुढे तो आगगाडी-विमानाचा द्राविडी प्राणायाम करायचा. शहाणा माणूस बोटीनंच जायचा.

हवेतले धनी आले कुठून, तर ते पॅरिसमधून आले. पहिल्या महायुद्धानंतर 1919 मध्ये तिथे जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यानं ठरवलं की ज्या देशाची जमीन, त्या जमिनीवरचं आकाशही त्याचंच. समुद्राला लावलेला न्याय आकाशाला लावायचा नाही. युद्धात वरून बॉम्ब पडलेले पाहिल्यावर दुसरं काही ठरणं शक्यही नव्हतं. पण त्या एका कलमानं लंडन ते कराची या रेषेखालचा प्रत्येक राजा, शेख आणि हुकूमशहा जकातनाक्यावरचा नाकेदार झाला.

इराकच्या वाळवंटापर्यंत इंग्रजांना फारशी अडचण नव्हती, कारण तिथे त्यांचंच चालत होतं. तिथली अडचण वाट सापडण्याची होती. सपाट वाळवंटात खुणेला झाड नाही, नदी नाही. मग 1921 मध्ये ब्रिटिश हवाई दलानं ट्रान्सजॉर्डनपासून बगदादच्या दिशेनं वाळवंटातून शेकडो मैलांची आखणी केली. मोटारींच्या चाकोऱ्या होत्याच. जिथे त्या दिसेनाशा होत तिथे चक्क नांगर धरून तास ओढलं. वैमानिकानं खाली बघायचं आणि त्या तासावरून विमान हाकायचं. रेष चुकली तर फिरून परत यायचं आणि ती सापडेपर्यंत शोधायची. वाटेत ठिकठिकाणी उतरण्याच्या जागा आखून त्यांना अक्षरं आणि आकडे दिले होते. वाटेतलं रुतबा म्हणजे विहिरी आणि एक किल्ला. उतारूंनी तिथे जेवायचं, मुक्काम करायचा आणि किल्ल्याचे दरवाजे आतून बंद करून घ्यायचे.

खरी गाठ इराणशी होती. बसरा ते कराची जायचं तर इराणचा किनारा धरणं सोयीचं. पण इराणचे राजे रझाशहा यांचा इंग्रजांवर काडीचा विश्वास नव्हता, आणि तो नसायला सबळ कारणं होती. इराणमध्ये तेव्हा जर्मन युंकर्स कंपनीची विमानं उडत होती. कैरो-बसरा सेवा 1927 च्या सुरुवातीलाच चालू झाली होती. ती कराचीपर्यंत वाढायला आणखी दोन वर्षं लागली ती केवळ इराण 'हो' म्हणत नव्हता म्हणून. शेवटी किनाऱ्यावरून उडायची परवानगी मिळाली, पण ठरावीक मुदतीची. मुदत संपल्यावर इराणचं म्हणणं पडलं की तुम्ही किनारा सोडा आणि देशाच्या मधून, डोंगरांवरून जा. त्या काळच्या विमानांना तो मार्ग म्हणजे संकटाला आवतण होतं.

मग इंग्रजांनी आखाताच्या पलीकडच्या तीरावर धनी शोधायला सुरुवात केली. 1932 च्या जुलैमध्ये शारजाच्या शेख सुलतान बिन सक्र यांच्याशी करार झाला. विमानतळाची जागा, उतारूंसाठी विश्रामगृह आणि राखणदार, त्याबद्दल महिना 800 रुपये भाडं आणि शेखांना खाजगी तनखा म्हणून 500 रुपये. होय, रुपयेच. आखातात तेव्हा आपला रुपया चालत असे आणि पुढे 1960 च्या दशकापर्यंत चालला. विश्रामगृह म्हणजे उंच भिंतींचा, बुरुजांचा छोटा किल्लाच होता, कारण रात्री टोळ्यांची भीती. 5 ऑक्टोबर 1932 रोजी तिथे पहिलं विमान उतरलं, हँडली पेज कंपनीचं 'हॅनो'. चार इंजिनं, दुहेरी पंख आणि आत रेल्वेच्या पहिल्या वर्गासारखा थाट. वेग मात्र ताशी 160 किलोमीटरच्या आसपास. आज दुबई-शारजाला जाणाऱ्या मराठी माणसाला सांगून पटणार नाही, पण त्या सगळ्या झगमगाटातला पहिला विमानतळ लंडन-कराचीच्या टपालासाठी आणि रुपयांत भाडं घेऊन उभा राहिलेला आहे. तो किल्ला आता संग्रहालय आहे आणि जुन्या धावपट्टीचा शहरातला रस्ता झाला आहे.

एवढं करून विमान पोचायचं ते कराचीला. तिथून पुढची सरकारी वाट जोधपूर-दिल्लीकडे वळली. मुंबई, जिच्या इलाख्यात तेव्हा कराची मोडत होती, ती या नकाशावर नव्हतीच. लंडनहून आठवडाभरात कराचीला आलेलं मुंबईचं पत्र उरलेला रस्ता रेल्वेनं, वळशानं कापायचं. ही उणीव नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेल्या वैमानिकाच्या डोळ्यांत भरली. कराचीहून टपाल उचलून अहमदाबाद, मुंबई, बेल्लारी करत मद्रासला न्यावं, अशी योजना त्यानं टाटांपुढे मांडली. भांडवल दोन लाखांचं. सरकारकडे अनुदान मागितलं, ते मिळालं नाही. टपालाच्या वजनावर मिळेल तेवढ्या पैशावर धंदा करायचा, असं ठरलं.

शारजाला ते पहिलं विमान उतरल्यानंतर दहाच दिवसांनी, 15 ऑक्टोबर 1932 ला सकाळी जे. आर. डी. टाटा कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून एका इंजिनाच्या पस मॉथमधून निघाले. बरोबर पंचवीस किलो टपाल. रेडिओ नाही, दिशा दाखवणारं कुठलं यंत्र नाही. अहमदाबादला पेट्रोल भरायला उतरले, तर पेट्रोल डब्यांतून आणि डबे बैलगाडीतून आलेले. दुपारी दोनच्या सुमारास जुहूला विमान टेकलं. तिथे टपाल व्हिन्सेंटच्या विमानात चढलं आणि तो मद्रासकडे निघाला. रात्रीचा मुक्काम बेल्लारी.

जुहूचं मैदान म्हणजे खाजणच. भर पावसाळ्यात, त्यात भरती असली, तर धावपट्टी समुद्राखाली. टाटांची ही दोन-तीन माणसांची आणि दोन विमानांची कंपनी मग पावसाळ्यापुरता मुक्काम पुण्याला हलवायची आणि येरवडा तुरुंगालगतच्या मैदानावरून टपाल चालवायची. म्हणजे मुंबईची विलायती डाक वर्षातले काही महिने पुण्यामार्गे येत असे, याची पुणेकरांनी नोंद घ्यायला हरकत नाही! पहिल्या पूर्ण वर्षात कंपनीनं 1 लाख 60 हजार मैल उड्डाण केलं आणि एकही खेप चुकवली नाही.

मुंबई अशी लंडनला हवेतून जोडली गेली, पण पत्रांपुरती. माणसांचा प्रवास अजूनही जिवावरचा खेळ होता. जिनोआजवळच्या समुद्रात 'सिटी ऑफ रोम' ही फ्लाइंग बोट 26 ऑक्टोबर 1929 रोजी वादळात बुडाली आणि सातही जण गेले. इटलीशी वाद वाढल्यावर पुढची अनेक वर्षं उतारू पॅरिसहून थेट ब्रिंडिसीपर्यंत आगगाडीनंच जात होते. 1 मार्च 1940 ला 'हॅनिबल' हे शारजाला निघालेलं विमान ओमानच्या आखातावर नाहीसं झालं. त्यात मद्रासचे जस्टिस पक्षाचे नेते सर ए. टी. पन्नीरसेल्वम होते. भारतमंत्र्यांचे सल्लागार म्हणून ते लंडनला निघाले होते. विमानाचा तुकडाही सापडला नाही.

1938 च्या सुमारास मोठ्या फ्लाइंग बोटी आल्या आणि कराची लंडनपासून तीन-साडेतीन दिवसांवर आली. दुबईच्या खाडीत, ग्वादरच्या बंदरात, राजसमंदच्या तलावात त्या उतरत. मग महायुद्ध सुरू झालं आणि सगळी वेळापत्रकं गुंडाळली गेली.

युद्ध संपलं तेव्हा चार इंजिनांची, हवाबंद केबिनची, वादळांच्या वरून उडणारी विमानं तयार होती, आणि 1944 च्या शिकागो परिषदेनं धन्यांशी बोलणी करायची नवी रीत घालून दिली होती: दोन देशांनी आपसांत करार करायचा, तुमची इतकी विमानं आमच्याकडे, आमची इतकी तुमच्याकडे. आता करार करायला भारत स्वतंत्र होता. मार्च 1948 मध्ये एअर इंडिया इंटरनॅशनल कंपनी निघाली. सरकारचा हिस्सा 49 टक्के, टाटांचा 25 टक्के, उरलेला लोकांचा.

8 जून 1948, मंगळवार. रात्री मुंबईहून 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचं विमान निघालं. कप्तान के. आर. गझदर. पस्तीस उतारू, त्यांत राजेरजवाडे, उद्योगपती, क्रिकेटपटू दुलीपसिंहजी, लंडनच्या ऑलिंपिकला निघालेले दोन सायकलपटू आणि खुद्द जे. आर. डी. कंपनीच्या जाहिरातीत तिच्या बॉबी कूका या अधिकाऱ्यानं घडवलेला मिशाळ महाराजा, कंपनीचं बोधचिन्ह, लोकांना निमंत्रण देत होता: दर मंगळवारी, फक्त कैरो आणि जिनिव्हा इथे थांबून, चोवीस तासांत लंडन, 1,720 रुपयांत. टपाल खात्यानं या उड्डाणासाठी बारा आण्यांचं खास तिकीट काढलं होतं. विमान ठरल्या वेळी लंडनला उतरलं.

चोवीस तास! एकोणीस वर्षांपूर्वी सात दिवस लागत होते, तेही फक्त कराचीपर्यंत. या एका उड्डाणात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते मात्र वेगापेक्षा थांब्यांचं. कराचीचा थांबा गळाला होता. फाळणीनंतर ते परकं शहर झालं होतं आणि कॉन्स्टेलेशनला त्याची गरजही उरली नव्हती. विलायतेच्या वाटेवर मुंबईशी स्पर्धा करणारं शहर एका रात्रीत वाटेबाहेर गेलं. शारजा, बसरा, बगदाद हीही गेली. इंजिनानं धन्यांवर मिळवलेला हा पहिला मोठा विजय म्हणता येईल: जिथे उतरायचंच नाही, त्याच्याशी भाड्याची घासाघीस नको.

जिनिव्हाचा थांबा राहिला आणि तो फार महागात पडला. 3 नोव्हेंबर 1950 रोजी तीच 'मलबार प्रिन्सेस' कैरोहून जिनिव्हाकडे उतरताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळली. अठ्ठेचाळीस माणसं गेली. सोळा वर्षांनी, 24 जानेवारी 1966 ला, बैरुतहून जिनिव्हाकडे निघालेलं एअर इंडियाचं बोइंग 707 'कांचनजंगा' जवळजवळ त्याच जागी आपटलं. विमानातलं दिशादर्शक यंत्र बिघडलेलं होतं. पर्वत मागे पडला, अशा समजुतीनं वैमानिकानं उतरायला घेतलं. एकशे सतरा जणांत डॉ. होमी भाभा होते, व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला निघालेले. यावर घातपाताच्या कथा इतक्या रचल्या गेल्या आहेत की मूळ कारण कुणाला ऐकावंसं वाटत नाही. तिथली हिमनदी अजून त्या विमानाच्या वस्तू बाहेर टाकते आहे. 2012 मध्ये भारतीय परराष्ट्र खात्याची टपालाची पिशवी मिळाली, 2020 मध्ये जानेवारी 1966 ची भारतीय वर्तमानपत्रं.

बोइंग 707 हे 1960 मध्ये आलं. एअर इंडिया ही जेट विमान घेणारी आशियातली पहिली कंपनी, आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये जेटनं लंडनची फेरी सुरू झाली. पुढे जंबो आलं, वाटेतले थांबे एकेक करून गळत गेले आणि शेवटी एकही उरला नाही. आता मुंबईहून लंडनला जायला साडेनऊ-दहा तास लागतात, यायला त्याहून कमी. उंचावरचे पश्चिमेचे वारे जाताना तोंडावर असतात आणि येताना पाठीवर. त्याबद्दल कुणालाही भाडं द्यावं लागत नाही.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण आकाशाचे धनी गेले नव्हते, नुसते नजरेआड झाले होते. फेब्रुवारी 2019 मध्ये बालाकोटवरच्या भारतीय हवाई हल्ल्यानंतर पाकिस्ताननं आपलं आकाश बंद केलं ते जुलैपर्यंत. एकट्या एअर इंडियाला त्यात पावणेपाचशे कोटींहून जास्त तोटा झाला, असं सरकारनं राज्यसभेत सांगितलं. दिल्लीहून सुटणाऱ्यांना त्याची झळ जास्त बसली. मुंबईची वाट बऱ्यापैकी समुद्रावरून जाते. 24 एप्रिल 2025 ला, पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर, भारतीय विमानांसाठी ते आकाश पुन्हा बंद झालं. मग मुंबईच्या विमानांचा भर राहिला ओमान, आखात आणि इराण-इराकच्या आकाशावर. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी इंपीरियल एअरवेजला ज्यांच्या दारात उभं राहावं लागलं, त्याच शेजारावर.

13 जून 2025 च्या पहाटे इस्रायलनं इराणवर हल्ला केला आणि इराणचं आकाश बंद झालं. लंडनहून मुंबईला येणारं एअर इंडियाचं विमान व्हिएन्नाला उतरवावं लागलं, न्यूयॉर्कहून दिल्लीला येणारं शारजाला. मुंबईहून लंडनसाठी निघालेलं एआय-129 हवेतूनच मागे फिरलं आणि काही तासांनी उतरलं ते मुंबईलाच.